पोट गेलं, कान राहिला

पत्र असं आहे:

“डॉक्टरबाई, माझं वय ३९. अमळनेर तालुक्यात राहते. दोन मुलं, दोन्ही सिझेरियनची. धाकट्यानंतर पोट असं सुटलं की निऱ्या खोचल्या की वरून वळी लोंबायची. चालून-चालून वजन ८६ वरून ७१ वर आणलं, पण कातडी काही आत गेली नाही. मागच्या श्रावणात मोठ्या शहरात जाऊन टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी काढायचं ऑपरेशन, करून घेतलं. पहिले दहा दिवस बरं होतं. बाराव्या दिवशी टाक्यांच्या मधोमध दोन बोटं जागा काळी पडली नि उघडली. महिनाभर ड्रेसिंग केल्यावर भरली. आता सात महिने झाले. उजव्या कुशीला टाक्याच्या टोकाशी कातडीचा कोंब बाहेर आलाय, परकराच्या नाडीला घासतो. बेंबी एका बाजूला सरकली आणि इतकी बारीक झाली की करंगळीचं टोक जात नाही. मधला व्रण लाल, उंच, खाजतो. पलंगावरून उठताना बेंबीच्या वर पोट फुगून येतं. वजन पाच किलो वाढलंय.

ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणतात, वर्ष होऊ द्या. इकडचे एक जण म्हणतात, लगेच दुरुस्ती करून टाकू, पॅकेज देतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायच्या आधी उरकावं असं मला वाटतं. घरात बोलणं सुरू झालंय की हौसेचे पैसे पाण्यात गेले. नवरा काहीच बोलत नाही, ते जास्त लागतं. मला पुन्हा ऑपरेशन का लागतंय? चूक कोणाची? माझी असेल तर तसं सांगा. एक लिहायचं राहिलं. डॉक्टरांनी बिडी-सिगारेट विचारलं होतं, मी नाही म्हटलं. मिसरी लावते, दिवसातून तीन-चार वेळा. तिचं कोणी विचारलं नाही. मुलगी समजून एकेरीत लिहा.”

मुली, ‘लिहायचं राहिलं’ म्हणून जे शेवटी टाकलंस, तिथूनच सुरू करते.

मी पोटाची सर्जन. धुळ्यात तीसेक वर्षं हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय हेच केलं. पोट सुबक करणं हे माझं काम नव्हे, ते प्लास्टिक सर्जनचं. पण लांब शहरात जाऊन आलेल्या बायकांचे टाके उसवले की त्या रात्री-बेरात्री गाठतात तो गावातला सर्जनच, म्हणून ही पोटं मी बरीच पाहिली आहेत. तुझं पोट मात्र पाहिलेलं नाही. पत्रावरून जेवढं सांगता येतं तेवढंच सांगते.

या ऑपरेशनात खालच्या पोटावर एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत छेद घेतात. कातडी आणि तिच्याखालची चरबी स्नायूंवरून सोडवत पार बरगड्यांपर्यंत उचलतात, खाली ओढतात, जास्तीचं कापून टाकतात आणि शिवतात. उचलताना स्नायूंमधून वर कातडीला येणाऱ्या रक्तवाहिन्या तुटतात. त्या तोडल्याशिवाय कातडी खाली येतच नाही. मग त्या ओढलेल्या कातडीला रक्त मिळतं ते वरून आणि कुशीकडून. सगळ्यात लांब कोण राहतं? टाक्याच्या लगत वरचा, मधोमधचा भाग. तुमच्याकडे कपाशीला ठिबक असेल तर नळीच्या शेवटच्या टोकाची झाडं आठव. दाब जरा उतरला की आधी तीच माना टाकतात.

मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. बिडी ओढलीस काय नि मिसरी घासलीस काय, पोटाच्या कातडीला फरक कळत नाही. म्हणूनच अशा ऑपरेशनच्या आधी किमान चार ते सहा आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस तंबाखू कोणत्याही रूपात बंद ठेवायला सांगतात. तुझी जागा बरोबर मधोमध आणि बाराव्या दिवशी काळी पडली, हे वाचून मला पहिला संशय मिसरीचाच आला. एकटी तीच असेल असं नाही. शिवण फार ताणात असली, साखर वाढलेली असली, जंतुसंसर्ग झाला, तरी असंच होतं. साखर तपासली नसशील तर तपासून घे.

चूक कोणाची म्हणशील तर या बाबतीत अर्धी प्रश्नाची आहे. खानदेशातल्या बाईला “बिडी-सिगारेट ओढता का?” असं विचारणं म्हणजे उत्तर ‘नाही’ असंच यावं अशी सोय करणं. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी हेच विचारत होते. एका म्हाताऱ्या नर्सबाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, ‘दात कशाने घासता?’ असं विचारा.” तेव्हापासून तेच विचारत आले. डबी कमरेला असते आणि तिला कोणी व्यसन म्हणत नाही. सासू-सुना एकाच डबीतून लावतात. तू खोटं बोलली नाहीस. पण आता तुला माहीत झालंय, त्यामुळे पुढच्या वेळी ‘कोणी विचारलं नाही’ हे चालणार नाही.

आता तो कुशीतला कोंब. याला सर्जन लोक ‘डॉग इअर’ म्हणतात, कुत्र्याचा कान. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला विचार, ती तुला एका मिनिटात समजावेल. टक्स घालताना टोकाला कापड नीट निमुळतं केलं नाही की तिथे फुगा राहतो. इथेही तेच. शिवणीची वरची कड आणि खालची कड सारख्या लांबीच्या नसतात, वरची लांब असते. जुळवत जुळवत शेवटाला गेलं की जास्तीची कातडी टोकाशी गोळा होते. तो टाळायचा एक उपाय म्हणजे छेद आणखी मागे पाठीकडे नेणं. काही सर्जन मुद्दाम तसं करत नाहीत, कारण व्रण तेवढा लांबतो. सुजेमुळेही सुरुवातीला कान मोठा दिसतो आणि पुष्कळदा सहा महिन्यांत बसून जातो. तुझा सात महिन्यांनंतरही घासतोय म्हणजे बहुतेक राहणारच. पण हे दुरुस्तीतलं सगळ्यात सोपं काम. जागा बधिर करून तेवढाच तुकडा काढतात, त्याच दिवशी घरी. तोवर नाडीचा परकर सोड, रुंद इलॅस्टिकचा घाल. कापड घासत राहिलं तर तिथे चरा पडेल.

बेंबीबद्दल सगळ्यांचा एक गैरसमज असतो. बेंबी उचलून दुसरीकडे लावतात, असं बायकांना वाटतं. ती जागची हलत नाही. तिचा देठ आतल्या, पोटाच्या दोन उभ्या स्नायूंना जोडणाऱ्या पडद्याला धरून तसाच राहतो. तिच्याभोवतीची कातडी खाली ओढली जाते आणि नव्या कातडीला त्या जागी भोक पाडून बेंबी वर काढून शिवतात. ते भोक बोटभर इकडे-तिकडे पडलं, किंवा मधला पडदा आवळताना एका बाजूला जास्त ताण आला, की बेंबी सरकलेली दिसते. थोडी सरकलेली असेल तर फार मनाला लावून घेऊ नकोस. ऑपरेशन न झालेल्या पुष्कळ माणसांचीही बेंबी काटेकोर मधोमध नसते, टेप लावून कोणी बघत नाही म्हणून खपून जातं. बारीक झाली ही तक्रार मात्र खरी आहे. गोल शिवलेला व्रण आवळताना दोरीने पिशवीचं तोंड ओढावं तसा आवळतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आत घाम साचतो, वास येतो, कधी पू होतो. रोज अंघोळीनंतर कापसाच्या काडीने कोरडी करत जा. पू आला तर वाट न बघता दाखव. दुरुस्ती होते, तीही छोटीच.

व्रणाबद्दल थोडक्यात. लाल आणि उंच असला तरी तो जखमेच्या हद्दीतच आहे ना, ते बघ. हद्दीत असेल तर बहुतेक दीड वर्षापर्यंत आपोआप फिका आणि सपाट होत जातो. सिलिकॉनची जेल किंवा पट्टी रोज बारा तास, काही महिने लावली तर मदत होते. हद्द सोडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरत असेल तर तो केलॉइड. त्याला नुसतं कापलं तर पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो. त्याला आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, चार-सहा आठवड्यांच्या अंतराने. कान टोचल्याच्या जागी कधी गाठ आली होती का, सिझेरियनचा टाका असाच उंच झाला होता का, हे आठवून डॉक्टरांना सांग.

आता मला खरी काळजी वाटते ती पलंगावरून उठताना येणाऱ्या फुगवट्याची.

उताणी झोप, गुडघे दुमड, डोकं आणि खांदे थोडे उचल आणि बेंबीच्या वर मधल्या रेषेवर बोटं ठेव. तीन गोष्टी सापडू शकतात. लांबट उंचवटा मधोमध उठला, बोटं दोन स्नायूंच्या फटीत बुडाली, तर स्नायू पुन्हा फाकले आहेत. गरोदरपणात मधला पडदा ताणून पोटाचे दोन उभे स्नायू लांब जातात. टमी टकमध्ये त्या पडद्याला आतून घडी घालून शिवतात. ती शिवण सुटू शकते, किंवा पडदाच पातळ असेल तर टाके लोणी कापावं तसे त्यातून कापत जातात. सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत जड उचललं, जोराचा खोकला राहिला, शौचाला कुंथावं लागलं, तर धोका वाढतो. तू हंडे उचललेस का, असं मी विचारणार नाही. सात माणसांच्या घरात बाई सहा आठवडे हंडा उचलत नाही, हे फक्त डिस्चार्ज कार्डावर घडतं.

दुसरी शक्यता हर्नियाची. एकाच ठिकाणी लिंबाएवढी गाठ, दाबली की आत जाते, खोकलं की बाहेर येते. हा हौसेचा विषय नव्हे, आजार आहे. गाठ आत जाईना, दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. यासाठी मुंबई-पुण्याला धावायची गरज नाही. पोटाच्या पुढच्या भिंतीची सोनोग्राफी अमळनेरातही होईल. धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दोन्हीकडे सर्जरीची ओपीडी आहे. ही तपासणी वर्ष व्हायची वाट बघत ठेवू नकोस. या आठवड्यात कर.

तिसरी शक्यता साधी चरबी, आणि ती दोन प्रकारची. कातडीखालची असेल तर चिमटीत धरता येते. बरगड्यांखालची ही चरबी सर्जन पुष्कळदा मुद्दाम शिल्लक ठेवतो. मघाशी सांगितलं ना, उचललेल्या कातडीला रक्त वरून येतं. त्याच बैठकीत वरची चरबी खरवडून काढली तर त्या वाहिन्याही जातात आणि खालची कातडी काळी पडायची भीती आणखी वाढते. म्हणून काही जण ती सहा महिन्यांनी, वर्षाने वेगळी काढतात. ते आधी बोलून झालं असेल तर ती योजना. बोललंच नसेल तर बाईला वाटतं, काम अर्धवट सोडलं. दुसरी चरबी आतड्यांभोवतीची, पोटाच्या आतली. चिमटीत येत नाही, पोट घट्ट आणि पुढे. तिला कोणतंही टमी टक हात लावू शकत नाही. तुझे वाढलेले पाच किलो यातच गेले असण्याची शक्यता आहे. म्हणून वजन निदान सहा महिने एका जागी टिकलेलं असल्याशिवाय असं ऑपरेशन करू नये म्हणतात, आणि दुरुस्तीलाही तोच नियम.

तुझ्या पत्रात नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून एक सांगते. एक बाई सुरतेकडून पॅसेंजरने नरडाण्याला उतरून एसटीने धुळ्याला आली होती. ऑपरेशननंतर कातडीखाली जमणारं पाणी काढायला नळी ठेवतात, ड्रेन म्हणतात. चोवीस तासांत साधारण तीस मिलीच्या खाली आलं की काढायची. हिची पाचव्या दिवशीच काढली होती, कारण तिला पुन्हा जायला जमणार नव्हतं. पुढे खालचं पोट भरत गेलं. तिला वाटलं चरबी परत आली. लाजेने चार महिने कोणाला दाखवलं नाही. मी एका बाजूला टिचकी मारली तर दुसऱ्या बाजूला लाट गेली, पखालीत पाणी हिंदकळावं तशी. वेळेत आली असती तर सुईने दोन-तीनदा पाणी काढून भागलं असतं. चार महिन्यांत त्या पाण्याभोवती पिशवी तयार झाली होती. ती काढायला दुसरं ऑपरेशन लागलं. तिच्या सर्जनच्या हातात दोष नव्हता, दोष अंतराचा होता. तीनशे किलोमीटर लांब ऑपरेशन करायचं तर पुढच्या पंधरा दिवसांची राहायची सोय आधी, तारीख नंतर.

सर्जनच्या हातचे दोषही असतात, ते झाकून ठेवायचं मला कारण नाही. खुणा रुग्णाला उभं करून, आधी काढायच्या असतात. टेबलावर झोपवून काढल्या तर व्रण तिरका किंवा फार वर जातो आणि साडीच्या बाहेर डोकावतो. जुना हर्निया न शोधता वरून कातडी ओढून शिवली, हेही मी पाहिलं आहे. पित्ताशयाच्या जुन्या उघड्या ऑपरेशनचा बरगडीखालचा तिरका व्रण असताना, म्हणजे वरून येणारं रक्त आधीच तुटलेलं असताना, नेहमीसारखीच कातडी उचलली, हेही. तुझ्या बाबतीत यातलं काही घडलं का, ते पत्रावरून ठरत नाही. ऑपरेशनची नोंद आणि आधीचे फोटो बघावे लागतील. ते लेखी अर्ज करून माग. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायला हवेत. भांडायच्या सुरात मागू नकोस, दुसऱ्याचं मत घ्यायचंय म्हणून माग.

‘लगेच करून टाकू’ म्हणणाऱ्याकडे मात्र जाऊ नकोस. सात महिन्यांचा व्रण अजून कच्चा असतो, आतले थर चिवट आणि चिकटलेले असतात. आज मोजून कापलेलं सहा महिन्यांनी सूज पूर्ण उतरल्यावर पुन्हा वाकडं दिसतं आणि मग तिसरं ऑपरेशन. जंतुसंसर्ग, साचलेलं पाणी, हर्निया यांना थांबायचं नसतं. बाकी दिसण्याच्या दुरुस्तीला वर्ष होऊ द्यायचं, हे तुझ्या पहिल्या डॉक्टरांनी बरोबरच सांगितलंय. हे इकडचे डॉक्टर कोण आहेत तेही बघ. एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेलं असावं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद तपासता येते. नुसत्या ‘कॉस्मेटिक’ पाटीवर विश्वास ठेवू नकोस. पॅकेजमध्ये भूल, दवाखान्याचा मुक्काम, नंतरचं ड्रेसिंग आणि पोटाला बांधायचा पट्टा धरलाय का, हे कागदावर घे. दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला विमा मिळत नाही आणि आरोग्यसेवेची जीएसटी माफीही नाही. हर्निया निघाला तर तेवढ्याचं वेगळं विमा कंपनीला विचार, आणि ऑपरेशनआधी विचार, नंतर नाही.

तिसऱ्या मुलाचा विचार घरात कोणाच्या मनात असेल तर तो आत्ताच बोलून संपवा. टमी टकनंतर बाळंतपण होऊ शकतं, बाळाला सहसा धोका नाही, पण आवळलेला पडदा पुन्हा सैलावतो आणि दुरुस्तीवर केलेला खर्च वाया जातो.

नवऱ्याच्या गप्पपणाबद्दल. तू लिहिलंस ते लागतं, मान्य. पण पत्रात कुठेही तू त्याला पोट दाखवलंस असं नाही. कोंब घासतो, खाजतं, उठताना पोट फुगतं, हे त्याला ठाऊक आहे का? त्याला सोनोग्राफीला बरोबर ने, बाहेर बाकावर बसवू नकोस, आत ने. बाकी घरातल्यांना उत्तर द्यायचं तर एवढंच सांग की दिवाळीपर्यंत दिसण्यासाठीचं काही करायचं नाही असं ठरलंय. निम्मी बोलणी पुढच्या खर्चाच्या धास्तीनेच चाललेली असतात.

आणि आखाजीच्या आधी उरकायचं ते डोक्यातून काढ. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असताना पोटाला घट्ट पट्टा बांधून बसायचं, घामाने टाके भिजवायचे, वर माहेरची पंगत. हे ऑपरेशन आपल्याकडे दिवाळीनंतर करावं. तोवर वर्षही उलटून गेलेलं असेल. वजन ७१ वर आणून दसऱ्यापर्यंत तिथेच धरून ठेव आणि मिसरी आजपासून बंद कर. एकदम सुटत नसेल तर सरकारी दवाखान्यात तंबाखूमुक्तीसाठी सल्ला मिळतो. निकोटीनचा च्युइंगम ऑपरेशनच्या तोंडावर चालत नाही, त्यातही तेच निकोटीन असतं. सासूची डबी वेगळी करून दे म्हणजे हाताला सापडणार नाही.

माहेरी मात्र जरूर जा. झोक्यावर बसायला हरकत नाही, सात महिन्यांचे टाके त्याने तुटत नाहीत. उभं राहून उंच चढवायचा असेल तर आधी ती सोनोग्राफी कर, आणि रिपोर्टमध्ये हर्निया लिहिलेला असेल तर झोका धाकट्या बहिणीला दे नि तू गौराईची गाणी म्हण.